एकोणीस बायांची कृपादानं

रविवार, २ फेब्रुवारी १९६४. मलकापूर.

कोकिळा म्हणते, आजी, वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहावं लागते. लिहिते. जनकाबाई. मुक्काम मिशनच्या आवारातली मागची खोली. शिक्षण तीन बुकं, त्यातलं तिसरं अर्धंच, कारण मधात लग्न आलं. ही वही नातीच्या गणितासाठी घेतली होती. गुरुजींनी म्हटलं रेघांची नको, चौकटीची पाह्यजे, म्हणून ती मले मिळाली. आमच्या घरात जे कोणाच्याच कामाचं नाही ते मले मिळते. चष्माही असाच मिळाला, माह्या मेलेल्या मालकाचा. त्यांना जेवढं दिसत होतं तेवढंच मले त्यातून दिसते, म्हणजे जेवणाचं ताट. तरी मी खूश आहे. मी तशी कायमच खूश असते. लोकांना त्याचाच जास्त त्रास होते.

आज उपासनेत आमच्या नव्या पाळकसाहेबांनी मोठी गोष्ट सांगितली. माणिकराव त्यांचं नाव. वय सव्वीस, भाषा पुण्याकडची, एकेक शब्द इस्त्री केलेला. उपदेश कागदावर लिहून आणतात अन् शेवटच्या ओळीपर्यंत मान वर करत नाहीत. येऊन तीन महिने झाले, पण एकाही घरच्या ओसरीवर बसून चहा घेतला नाही. सायकल दाराशी उभी करतात, "सर्व कुशल ना?" विचारतात, अन् उत्तर निघायच्या आत पायडल मारतात. मी एकदा पायडलच्या आधी "नाही" म्हणून पाह्यलं. ते "छान, छान" म्हणत गेले.

तर गोष्ट अशी, की पवित्र आत्म्यानं प्रत्येक माणसाले काही ना काही कृपादान दिलं आहे. कोणाले शिकवायचं, कोणाले बरं करायचं, कोणाले धीर द्यायचं, कोणाले पाहुणचाराचं, कोणाले नुसतं हाताखाली मदत करायचं. हे शास्त्रातच आहे, मले ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की आपलं कोणतं हे कागदावर काढता येते. साहेबांनी चोवीस प्रश्नांचं पत्रक केलं आहे. पुढं नेहमी, कधीकधी, कधीच नाही, असं लिहायचं. शिवाय स्वभाव चार: तापट, आनंदी, उदास, शांत. यातला आपला कोणता ते सांगायचं. मग साहेब बेरीज करतील अन् ज्याचं जे निघंन ते काम त्याले देतील.

अन् सगळ्यात मोठं हे. आमची म्हातारी सेविका सरस्वतीबाई, जी मोताळा अन् धामणगाव बढ्याच्या घराघरांत जाऊन बायांना वचन सांगते, तिचे गुडघे गेले. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरले, ती काम सोडणार. ज्या बाईचं धीर देण्याचं दान सगळ्यात जास्त निघंन तिले ती जागा.

मले ती जागा पाह्यजे. दुसऱ्या कोणाले सांगत नाही, वहीले सांगते. तीस वर्षांपासून पाह्यजे. मालक मिशनच्या बंगल्यावर खानसामा होते, ते म्हणायचे, "जनके, तू गावात गेली तं गाव उठून जाईन." त्यांचा स्वभाव उदास होता, आता समजलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हात दुखून राह्यला. एकोणीस पत्रकं लिहिली.

साहेबांनी पत्रकं वाटली अन् सायकलवर गेले. हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही, की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वीस बायांपैकी लिहितावाचता येणारी एक सरस्वतीबाई, अन् एक मी. सरस्वतीबाई मोताळ्याले होती. मग सगळ्या बाया कागद घेऊन माह्या ओसरीवर. त्यांना वावरात जायची घाई, कपाशीचा शेवटचा वेचा सुरू आहे. गीताबाई म्हणाली, "आत्याबाई, तुमाले आमचं सारं ठाऊकच हाये. लिहून टाका."

अन् खरंच ठाऊक आहे. मग विचारायचं कायले? मी लिहून टाकलं.

गीताबाई म्हणजे आमच्या वडील गुलाबरावांची बायको. (वडील म्हणजे मंडळीचे वडील, पंचांसारखे. माहे वडील अफूनं गेले.) तिच्या कागदावर प्रश्न आला, आपण पाहुण्यांचे स्वागत आनंदाने करता काय? मले एक्कावन्न सालचा तिच्या घरचा चहा आठवला, अर्धा कप, तोही गुळाचा. लिहिलं, कधीच नाही. देवानं तिले माफ केलं असंन. देव तो चहा प्यायला नव्हता.

माह्या कागदाले अडचण आली नाही. कोणी दुःखात असल्यास काय बोलावे ते आपणांस सुचते काय? नेहमी. न सुचायले काय झालं? सगळ्याले नेहमी लिहिलं, एका ठिकाणी कधीकधी केलं, नाहीतर गर्व दिसला असता. स्वभावाचं मात्र अडलं. सकाळी चूल पेटत नाही तव्हा मी तापट. भाकर झाली की आनंदी. बाजारात वांग्याचा भाव ऐकला की उदास. शांत तेवढी झोपेत असंन, पण कोकिळा म्हणते झोपेतही बोलते. शेवटी चारही लिहिले.

शेवटचा कागद माह्या सुनेचा, कलाबाईचा. नऊ वर्षं झाली घरात येऊन. माहा लेक गेला त्याले चार. नऊ वर्षांत तिनं जेवढे शब्द काढले तेवढे मी दात घासताना काढते. दुःखात काय बोलावे ते सुचते काय? आता इथं खोटं कसं लिहू? कधीच नाही. दुसऱ्यांना शिकवता काय? कधीच नाही. मंडळीत प्रार्थना मोठ्याने करता काय? कधीच नाही. खालपर्यंत तेच. मले वाईट वाटलं, पण शास्त्राचं काम आहे.

"तुहं सारं कधीच नाही आलं वं," मी सांगितलं.

ती भाकर थापत होती. म्हणाली, "बरं."

रविवार, १६ फेब्रुवारी

निघालं! मले धीर देण्याचं दान निघालं! शिकवायचंही निघालं, अन् बरं करायचं थोडं कमी. साहेबांनी नाव वाचलं तव्हा मी उभी राह्यली. उभं राहायले सांगितलं नव्हतं, पण मागच्यांना दिसावं म्हणून.

गुलाबरावांनी आपलं पत्रक स्वतः भरलं होतं. चोवीसच्या चोवीस नेहमी. लीनतेचा प्रश्न होता, त्याच्याही पुढं नेहमी. बेरीज कोणत्याच बाजूले झुकंना, म्हणून साहेबांनी त्यांना सगळीच दानं दिली. आमच्या मंडळीत पवित्र आत्म्यानं आता विश्रांती घ्यावी.

सुनेच्या कागदावर साहेब अडखळले. माणूस सज्जन आहे, म्हणाले, "कलाबाईंचे दान अद्याप प्रगट झालेले नाही. तोपर्यंत त्यांनी मूठ गोळा करावी."

मूठ म्हणजे हे, की आमच्यातली प्रत्येक बाई दळण काढताना एक मूठ ज्वारी आधी देवाच्या डब्यात टाकते. महिन्यातून दोनदा कोणीतरी घरोघर जाऊन डबे पोत्यात रिकामे करते, ज्वारी निवडते, अन् ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटतात. वीस घरांची ज्वारी, त्यात वीस घरांचे खडे. हे काम कोणी मागून घेत नाही. कला चार वर्षांपासून तेच करते. म्हणजे तिले दान निघालं असतं तरी अन् नाही निघालं तरी, पोतं तिच्याच डोक्यावर होतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गुलाबरावांनी बरं करायच्या दानाचा मुहूर्त केला. स्टेशनजवळच्या तुळशीरामाले आठ दिवस ताप. हे गेले, डोक्यावर हात ठेवला अन् प्रार्थना धरली. आदामापासून धरली. पाऊण तास झाला तव्हा इजिप्तातच होते. डोळे उघडले तर खाट रिकामी. रोगी खरोखर उठला अन् चालत मागच्या दारानं भावाच्या घरी गेला. गुलाबराव काल उपासनेत साक्ष देऊन राह्यले होते, "चमत्कार झाला, पांगुरणही त्यानं स्वतः उचलून नेलं!"

मले असे चमत्कार आवडतात.

बुधवार, ४ मार्च

आज माही पाळी. साहेबांनी सांगितलं, सरस्वतीबाई सोडायच्या आधी तिची घरं पाहून घ्या. सगळ्यात अवघड घर धामणगावचं. पुंजाजी अन् वच्छलाबाई, दोघं नवराबायको. त्यांची बारा वर्षांची पोरगी जानेवारीत तापानं गेली. तव्हापासून वच्छलाबाई बोलत नाही, चूल पेटवत नाही, शेजारीण ताट आणते ते कुत्र्याले टाकते. सरस्वतीबाई म्हणाली, "जनके, ते बाई अशीच राह्यली तं पोरीच्या मागं जाईन. सांभाळून." मले सांगते, सांभाळून! पन्नास माणसांच्या मयतीले मी बोलली आहे.

मोताळ्यावरून मोटारीनं गेली. सोबत कला, मुठीची ज्वारी गोळा करायले, तिच्या मागं पोतं. कंडक्टर म्हणाला, "बुढीमाय, पोत्याचं तिकीट लागंन." मी म्हटलं, "बाबू, ती देवाची ज्वारी हाये, देवाच्या नावानं फाड." खाली उतरेपर्यंत तो माह्याशी बोलला नाही. काही लोक मनाले लावून घेतात.

वच्छलाबाई ओसरीवर भिंतीले टेकून बसली होती. चाळिशीची असंन, साठीची दिसत होती. मी बसली अन् सुरू केलं. आधी शास्त्रातल्या ईयोबाचं सांगितलं, ज्याची दहाही लेकरं एका दिवशी गेली. मग आमच्या खामगावच्या चुलत बहिणीचं सांगितलं, जिचे तीन गेले. मग मोताळ्याच्या त्या बाईचं, जिचा विहिरीत पडला. मग म्हटलं, देवाले फुलं आवडतात, तो चांगली चांगली तोडते. चौदा उदाहरणं दिली. तेराव्यापाशी ती उठली, आत गेली अन् कडी लावली.

मी कडीशी बोलली थोडं. मग पुंजाजी गोठ्यातून आला, म्हणाला, "मावशी, पाणी घ्या." म्हणजे जा, असं. मले कळते.

बीज पेरलं, उगवायचं देवाच्या हातात.

कला तोवर काय करत होती? काही नाही. मोटार तीन वाजता होती, म्हणून तिनं ओसरीच्या टोकावर सूप घेतलं अन् मोताळ्याची ज्वारी निवडत बसली. मी म्हटलं, "एखादा शब्द तरी बोलती वं." ती म्हणाली, "खडे लय हायेत."

बुधवार, ११ मार्च

पुन्हा धामणगाव. यावेळी मी ठरवून गेली की कमी बोलीन, सहाच उदाहरणं. पण वच्छलाबाईनं मले पाहून कडी लावायच्या आधी कला पुढं जाऊन बसली. बोलली नाही. सूप घेतलं, पोत्यातून दोन ओंजळी टाकल्या, निवडायले लागली. माह्या अंगात संताप शिरला. हे काय सेविकेचं काम आहे? दुसऱ्याच्या ओसरीवर आपला पसारा मांडायचा?

मी पुंजाजीशी गुरांच्या रोगावर बोलत बसली. त्यातही मले गती आहे. अर्ध्या तासानं पाह्यलं तर वच्छलाबाई सुपाच्या दुसऱ्या बाजूले. बोट ज्वारीत. खडा काढला, बाजूले टाकला. मग दुसरा. पाहुणी म्हणून आली अन् त्या दुःखी बाईले कामाले लावलं! मले लाजेनं मेल्यासारखं झालं.

मग पाणी पेयाले आत जाताना ऐकलं. कला बोलत होती. माही कला. हळू, एकेक शब्द खड्यासारखा वेचून. माह्या लेकाचं सांगत होती. की तो गेला त्या दिवशी सकाळी त्यानं शिळ्या भाकरीवर तेल-तिखट मागितलं होतं, तिनं म्हटलं होतं सांजेले ताजी करून देतो. ते तेल-तिखट ती अजून खात नाही.

मले तं कधी सांगितलं नाही.

मी कधी विचारलं नाही म्हणा. विचारायले मधात जागा कुठी होती, मीच बोलत होती.

येताना मोटारीत मी काही बोलली नाही. कंडक्टरनं दोनदा मागं वळून पाह्यलं.

बुधवार, १८ मार्च

अंगात कसर, बारीक ताप. कला एकटीच गेली. सांजेले आली, विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "बेसन केलं तिनं." म्हणजे चूल पेटली! मी इथं खाटेवरून दिवसभर प्रार्थना करत होती, तिचंच फळ. कलाले सांगितलं. ती म्हणाली, "हाव."

आता फक्त पुनरुत्थानाचा रविवार यायचा. लुगडं धुवून ठेवलं. सेविकेले पांढरं लागते.

रविवार, २९ मार्च. पुनरुत्थानाचा दिवस.

लिहू की नको. लिहिते. ज्यानं मुडदे उठवले त्याच्या दिवशी मी पडली.

मंडळी गच्च. मोताळ्याचे लोक, धामणगावच्या आमच्या तीन घरचे, पुंजाजी पण. वच्छलाबाई नव्हती. माणिकराव साहेब कागद घेऊन उभे, नव्या सेविकेचं नाव सांगायले. कागदावर माहं नाव आहे हे मले ठाऊक, मी अर्धी उठलेलीच. त्यांनी नाव सांगायच्या आधी प्रस्तावना काढली. शिकलेल्या माणसांना सरळ ताट वाढता येत नाही.

म्हणाले, "आणि विशेष आनंद याचा, की आपल्या भगिनींनी पत्रके किती सुवाच्य अक्षरात भरली. मला अपेक्षा नव्हती."

आता इथं कोणतीही बाई गप्प बसली असती. पण माह्या अक्षराले आजवर कोणी सुवाच्य म्हटलं नव्हतं. माह्या तोंडून निघून गेलं, "राहीनच सुवाच्य, साहेब. एकोणीसची एकोणीस म्याच लिहिली!"

साहेबांनी मान वर केली. पहिल्यांदा. "म्हणजे त्यांनी सांगितले, आणि आपण लिहिले."

"सांगायची काय गरज? मले डोळे नाहीत काय?"

तिकडून गीताबाई उठली. "म्हंजे माह्या नावापुढं पाहुणचार कधीच नाही, हे तुमी लिहिलं, आत्याबाई?"

"एक्कावन्न सालचा चहा आठव."

"त्या साली घरात साखर नव्हती! माहं बाळंतपण झालं होतं!"

हे मले ठाऊक नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही. (हे वाक्य आता दुसऱ्यांदा लिहून राह्यली.)

गुलाबराव उभे राह्यले, शर्टाची बटनं लावत. "ही मंडळीची फसवणूक हाये!"

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही चोवीस वेळा नेहमी लिहिलं. माही फसवणूक एकोणीस बायांची, तुमची डायरेक देवाची."

लोक हसले. मले जरा बरं वाटलं. पण साहेबांकडं पाह्यलं अन् बरं वाटणं गेलं. ते पायरीवर बसून गेले, मुलासारखे, कागद मांडीवर.  मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी घरोघर जाऊन विचारायला हवे होते. मला जमत नाही. परक्या घरात बसलो की मला घाम फुटतो, म्हणून मी पत्रक केले. माझेही पत्रक मी भरले होते. माणसांत मिसळता काय, यापुढे मीही नेहमी लिहिले."

हे त्यांनी कागदाकडं न पाहता सांगितलं. चार-पाच महिन्यांत हा पहिला उपदेश, जो मले समजला.

मग काय करायचं? गुलाबराव म्हणे पुन्हा पत्रकं भरा. सरस्वतीबाई भिंतीले धरून उभी राह्यली. "कागद राहू द्या, साहेब. ज्या घरी जायाचं त्या घराले विचारा. पुंजाजी, सांग."

पुंजाजी टोपी हातात घेऊन उठला. "मले काई समजत नाई, साहेब, दान-बिन. ते ज्वारीवाली बाई पाठवा."

"कोण?"

"जे गप बसते ते. तिच्यानं माह्या घरी चूल पेटली." मग माह्याकडं पाहून म्हणाला, "मावशी, राग नका मानू. तुमी बी चांगल्या हा. गुरांचं लय समजते तुमाले."

साहेबांनी कलाले विचारलं, जाल काय? साऱ्या मंडळीनं मागं पाह्यलं. तिनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं ती नाही म्हणंन. खरं लिहायचं तर मले वाटलं नाही म्हणावं.

"हाव," ती म्हणाली.

सोमवार, ३० मार्च

लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

मंगळवार, १४ एप्रिल

पंधरा दिवस लिहिलं नाही. काही झालंच नाही असं नाही, पण जे झालं ते दुसऱ्याचंच होतं.

कला सोमवारी जाते, शुक्रवारी येते. सरस्वतीबाईची मोताळ्याची खोली तिले दिली. जाताना पांढरं लुगडं मीच दिलं, माहं धुतलेलं. तिले आखूड पडते. मी म्हटलं आखूडच शोभते, चिखल लागत नाही. तिनं पाया पडायले वाकून पाह्यलं, मी म्हटलं, "उठ वं, मोटार जाईन." भाकर मी करते आता. कोकिळा म्हणते आजी, तुही भाकर तुह्या बोलण्यासारखी वाटते, कडेनं लांबतच जाते.

गीताबाईकडं गेली होती. पाव किलो साखर नेली. तिनं ठेवून घेतली अन् गुळाचाच चहा दिला, कप भरून. आम्ही दोघी प्यायलो. तिचं त्या सालचं बाळंतपण तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मी दोनदाच मधात बोलली.

साहेब कालपासून घरोघर बसून राह्यले. गुलाबरावांच्या ओसरीवर कपाळ पुसत होते. मी म्हटलं, "साहेब, तिथून सुरू करू नका, माह्या घरी येऊन जा आधी." आले. चहा अर्धा सांडला, पण बसले. मी एकटीच बोलली, त्यांना ते सोयीचं पडलं.

एक गोष्ट विचारायची होती, विचारली नाही. माहं दान कोणतं? आता बेरीज कोण करंन? तोंड आहे, ते बंद होत नाही. हे काही कृपादान असंन असं मले वाटत नाही, रोग असंन.

शुक्रवार, २४ एप्रिल

कला आली अन् पोतं खाली ठेवायच्या आधीच बोलली. एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"वच्छलाबाई म्हणे, तुमच्या सासूले घेऊन या, त्या दिवशी मले त्यांचा राग आला होता, आता रडणं सरलं पण घर लय चुपचाप झालं, दिवस कटत नाई."

मी म्हटलं, "मले? कडी कोणी लावली होती?"

"तव्हाची गोष्ट अलग होती."

"मंग आता काय बोलू? ईयोब सांगू?"

"नको, माय," ती म्हणाली. "ईयोब नको."

माय म्हणाली मले. आत्याबाई म्हणते नेहमी.

मंगळवार, २८ एप्रिल. धामणगाव बढे.

हे इथंच लिहून राह्यली, वच्छलाबाईच्या ओसरीवर.

काल कलासोबत मोताळ्याले मुक्काम केला, आज सकाळी इथं पोचलो. कंडक्टर तोच. मले पाहून त्यानं पोत्याचं तिकीट मागितलंच नाही. वच्छलाबाई चहा घेऊन आली, बशी भरलेली. बसली समोर. अन् मले, जनकाबाईले, काय बोलावं सुचेना! पत्रकातला तो प्रश्न आठवला. पुढं काय लिहिलं होतं तेही आठवलं.

तीच म्हणाली, "बोला ना, बुढीमाय. कला म्हणे तुमी साऱ्या मंडळीचे कागद भरले?"

मग काय. मी उठून सांगितलं, बसून ते होत नाही. साहेबांची सायकल करून दाखवली. गुलाबरावांची प्रार्थना केली, आदामापासून, अन् तुळशीराम कसा पांगुरण काखेत मारून मागच्या दारानं निघतो ते. मग मी कशी उभी राह्यली, "एकोणीसची एकोणीस म्याच!" अन् गीताबाईचा चहा, अन् पुंजाजीची टोपी, गुरांचं लय समजते तुमाले! पुंजाजी लाजून गोठ्यात पळाला.

वच्छलाबाईनं पदर तोंडात धरला. आधी वाटलं रडते. खांदे हलत होते. मग पदर सुटला, अन् आवाज आला, मोडका, बऱ्याच दिवसांच्या गंजलेल्या कडीसारखा. हसत होती. मधातच रडली थोडं, पुन्हा हसली. म्हणाली, "माही पोरगी असती तं तुमाले पुन्हा पुन्हा सांगायले लावलं असतं."

"मंग सांगतो ना पुन्हा," मी म्हटलं, अन् गुलाबराव पुन्हा आदामापासून.

अन् तव्हा कला हसली. सूप खाली ठेवून, मान मागं टाकून, तोंड उघडून. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा तिच्या तोंडाच्या आत पाह्यलं. उजव्या बाजूची वरची दाढ पार काळी, अर्धी किडलेली. किती दिवसांपासून दुखत असंन! अन् मी गावभर सांगत होती, माही सून जेवायले फार वेळ लावते.

उद्याच्या मोटारीनं तिले दवाखान्यात नेते. कुठी दुखते ते डॉक्टरले तीच सांगंन, मी बाहेर बसीन. बाहेरही कोणी ना कोणी असंनच बसलेलं, बोलायले.